‘काय म्हणाला तो?’ : होम थिएटर लावण्याआधी आवाज समजून घेऊ

सिनेमा सुरू होतो. दोन पात्रं दबक्या आवाजात काहीतरी महत्त्वाचं बोलत असतात, म्हणून आपण रिमोटने आवाज वाढवतो. पुढच्याच क्षणी गाडी उडते, पार्श्वसंगीत कडाडतं आणि आतल्या खोलीत झोपलेलं मूल दचकून उठतं. घाईघाईने आवाज कमी. पुन्हा कुजबुज, पुन्हा आवाज जास्त. दोन तास रिमोट काही खाली ठेवता येत नाही.

आमच्या घरी हे कितीतरी वर्षं चाललं. बाबांना वयामुळे थोडं कमी ऐकू येतं. दर पाच मिनिटांनी ते विचारायचे, “काय म्हणाला रे तो?” मी सांगेपर्यंत पुढचा संवाद निघून गेलेला असायचा. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं आणि मग आमच्यासोबत सिनेमाला बसणंही. मला ते फार लागलं. मोठा टीव्ही आणला, पाच स्पीकर आणि एक सबवूफर (खोल, जाड आवाजाची पेटी) असलेला संच आणला, तरी त्यांची अडचण सुटेना. शेवटी सुटली ती एक स्पीकर वीत-दीड वीत पुढे ओढल्यावर. ते कसं, हे पुढे सांगतो. होम थिएटरचं मर्म त्या वीतभर अंतरात आहे असं मला मनापासून वाटतं.

कोणतं यंत्र घ्यावं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते खोलीत कुठे ठेवायचं, हे सांगणारे कमी. म्हणून इथे भर ठेवण्यावर आहे, खरेदीवर कमी.

## नवाकोरा टीव्ही, तरी बोलणं का कळत नाही?

टीव्ही पातळ होत गेला तशी त्याच्यात स्पीकरला जागाच उरली नाही. बहुतेक पातळ टीव्हींमध्ये छोटे स्पीकर खालच्या कडेला किंवा पाठीमागे बसवलेले असतात आणि त्यांचं तोंड जमिनीकडे किंवा भिंतीकडे असतं. आवाज आधी कशावर तरी आपटतो, मग आपल्यापर्यंत येतो. पुस्तक वाचायला बॅटरी लावावी आणि झोत पानावर टाकायचा सोडून समोरच्या भिंतीवर टाकावा, तसला हा प्रकार. खोलीत उजेड असतो, पण अक्षर लागत नाही.

यात सगळ्यात आधी हरवतात ती व्यंजनं. ‘तार’, ‘चार’, ‘सार’, ‘पार’ हे चार शब्द मोठ्याने म्हणून बघा. चारही शब्दांतला ‘आर’ सारखाच आणि तोच ठणठणीत ऐकू येतो. अर्थ मात्र सुरुवातीच्या त्या निसटत्या त, च, स, प मध्ये असतो. आवाजाची पट्टी हर्ट्झमध्ये मोजतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं. स्वरांची ताकद बरीचशी १००० हर्ट्झच्या खाली असते. व्यंजनांची ओळख पटवणारा भाग मात्र २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास असतो, ‘स’ आणि ‘श’ यांचा तर त्याहूनही वर. आणि वय वाढतं तशी कानाची धार बोथट होते ती याच वरच्या टोकापासून. म्हणजे मी आवाज वाढवला की बाबांना ‘आर, आर, आर’ मोठ्याने ऐकू यायचं. तार की चार, ते तसंच अधांतरी.

दुसरं कारण सिनेमाच्या ध्वनीतच आहे. तो शांत प्रेक्षागृह डोळ्यांसमोर ठेवून रचलेला असतो. तिथे कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते आणि स्फोट अंगावर येतो. दोन्हींमधली तफावत मुद्दाम मोठी ठेवलेली असते. घरी पंखा फिरत असतो, खिडकीबाहेर रहदारी असते. कुजबुज त्या गलबल्याखाली बुडते, स्फोट मात्र वर राहतो.

## मधला स्पीकर कशासाठी?

अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याची एक गोष्ट सांगितली जाते. सिनेमा बघताना नट पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला, तरी त्याचा आवाज एकाच जागेवरून येत राहिला, हे त्याला खटकलं. १९३१ च्या डिसेंबरमध्ये त्याने दोन वाटांनी आवाज नोंदवायच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचा पाया तो. पुढे १९३३ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब या प्रयोगशाळेच्या संशोधकांनी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तेव्हा त्यांनी दोनऐवजी तीन वाटा वापरल्या: डावी, मधली आणि उजवी.

आवाजाच्या या प्रत्येक स्वतंत्र वाटेला चॅनेल म्हणतात. मधल्या चॅनेलची गरज का पडते, हे घरीच करून बघता येतं. डावा आणि उजवा, असे दोनच स्पीकर लावा आणि बरोबर मध्यावर बसा. निवेदकाचा आवाज दोन स्पीकरांच्या मधल्या मोकळ्या जागेतून आल्यासारखा वाटेल. आता सोफ्याच्या कडेला सरका. आवाजही तुमच्याबरोबर सरकून जवळच्या स्पीकरमध्ये जाऊन बसेल. कारण ज्या बाजूने आवाज आधी येतो ती त्याची जागा, असं आपला मेंदू मानतो. पाठोपाठ काही मिलिसेकंदांत येणारी त्याची नक्कल तो वेगळी मोजत नाही. हेल्मुट हास या संशोधकाने १९४९ मध्ये हे प्रयोगांनी दाखवून दिलं.

मध्यावर एकच जण बसू शकतो. घर तर सगळ्यांचं असतं. म्हणून पडद्याच्या खाली किंवा वर बरोबर मध्ये एक खराखुरा स्पीकर ठेवायचा आणि संवाद त्याच्याकडे सोपवायचे, म्हणजे कडेला बसलेल्यालाही बोलणं पडद्यातूनच येतंय असं वाटतं. सिनेमातले बहुतेक संवाद याच एका स्पीकरमधून येतात. बाकीचे चार उत्तम आणि हा सुमार असेल, तर सगळं मुसळ केरात.

आमच्याकडे नेमकं इथेच चुकत होतं. मधला स्पीकर मी टीव्ही युनिटच्या खालच्या खणात, पार आत सरकवून ठेवला होता. दिसायला नीटनेटका. पण त्याच्यापुढे वीत-दीड वीत फळी होती, वरही फळी होती आणि तो वाजत होता आमच्या गुडघ्यांकडे. आवाज त्या खणातच आपटून गढूळ होत होता. माठात तोंड घालून बोलावं तसा. एका संध्याकाळी मी तो ओढून फळीच्या अगदी कडेशी आणला, इतका की त्याचा चेहरा कडेच्या सूतभर बाहेर आला. दार सरकू नये म्हणून लावतात तसल्या दोन रबरी पाचरी पुढच्या बाजूने खाली सरकवल्या आणि त्याचं तोंड सोफ्यावर बसलेल्याच्या कानाकडे उचललं. मग बाबांना हाक मारली. ते अर्धा तास बसले. एकदाही विचारलं नाही. नंतर म्हणाले, “आज आवाज कमी ठेवलायस, तरी कळतंय.”

## बाकीचे स्पीकर नेमके कुठे?

आता अशा संचांवर लिहिलेल्या ५.१ या आकड्याकडे येऊ. पाच म्हणजे पाच पूर्ण चॅनेल: मधला, पुढचे दोन आणि बाजूचे दोन, ज्यांना सराउंड म्हणतात. ‘पॉइंट एक’ म्हणजे फक्त खोल, जाड आवाजांसाठी राखलेला वेगळा चॅनेल. तो १२० हर्ट्झच्या वर जात नाही, पूर्ण चॅनेलचा एक लहानसा तुकडा असतो, म्हणून त्याला पूर्ण एक न म्हणता पॉइंट एक म्हटलं. तो वाजवणारी मोठी पेटी म्हणजे सबवूफर.

जागा लक्षात ठेवायला घड्याळ डोळ्यांसमोर आणा. तुम्ही घड्याळाच्या मध्यावर बसला आहात आणि बाराच्या आकड्यावर टीव्ही आहे. पुढचा डावा स्पीकर अकरावर, उजवा एकवर. म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्हीकडे तीस-तीस अंश. उजवा सराउंड तासकाट्याच्या पावणेचारच्या जागी, डावा सव्वाआठच्या. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत सराउंडचा कोन १०० ते १२० अंश दिलेला आहे. आपला पावणेचार त्यात चपखल बसतो. सराउंड म्हणजे पाठीमागे, असा समज सर्रास आहे. ५.१ मध्ये ते कानाच्या रेषेपासून थोडेच मागे असतात. आणखी दोन स्पीकर जोडून ७.१ केलं, तरच पाठीमागची जागा, म्हणजे साडेचार ते पाच आणि सात ते साडेसात, वापरात येते.

पुढच्या स्पीकरांमध्ये बारीक आवाज काढणारा छोटा गोल पडदा असतो, ट्वीटर. तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा. सराउंड कानापेक्षा हातभर वर असले तरी चालतं, उलट बरं. शेजारी बसलेल्याच्या डोक्याने आवाज अडत नाही.

“आमची खोली अशी आखीव नाही, एका बाजूला दार आहे, मग?” हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. एक स्पीकर जवळ आणि एक लांब असला तर तेवढ्याने काही बिघडत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला तीन मिलिसेकंद. जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवून ठेवायचं काम रिसीव्हर करतो. रिसीव्हर म्हणजे आलेला आवाज वेगवेगळ्या चॅनेलांत फोडणारा आणि प्रत्येक स्पीकरला ताकद पुरवणारा डबा. अंतराची उणीव तो भरून काढतो. कोनाची उणीव मात्र कोणतंच यंत्र भरून काढत नाही, त्यामुळे तडजोड करायचीच असेल तर अंतरात करा.

आणि सोफा भिंतीला चिकटवू नका. डोक्यामागे लगेच भिंत असली की तिथून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि बास, म्हणजे खोल, जाड आवाज, नको इतका फुगतो. अर्धा मीटर जरी पुढे आणता आला तरी फरक कळतो.

## सबवूफर कुठेही ठेवला तरी चालतो ना?

हे अर्धसत्य आहे, आणि यातून सगळ्यात जास्त निराशा होते म्हणून इथे जरा थांबतो.

खरा भाग असा की साधारण ८० हर्ट्झच्या खालचे आवाज कुठून येतात ते आपल्या कानाला कळत नाही. ८० हर्ट्झच्या लाटेची लांबी चार मीटरहून जास्त असते, २० हर्ट्झची सतरा मीटर. एवढ्या अजस्र लाटेपुढे दोन कानांमधलं वीतभर अंतर काहीच नाही. त्यामुळे सबवूफर डाव्या कोपऱ्यात आहे की उजव्या, हे ओळखू येत नाही.

पण तो कुठे ठेवला यावर त्याचा आवाज किती आणि कसा ऐकू येणार, हे शंभर टक्के अवलंबून असतं. न्हाणीघरात दार लावून अगदी खालच्या पट्टीत ‘ऊं’ म्हणत आवाज हळूहळू वर नेऊन बघा. एका ठराविक सुराला भिंती एकदम साथ देतात, आवाज दुप्पट झाल्यासारखा घुमतो. जरा पुढे सरकलात की ती साथ सुटते. प्रत्येक खोलीचे असे स्वतःचे सूर असतात आणि ते तिच्या लांबी-रुंदी-उंचीवर ठरतात. पाच मीटर लांब खोलीचा पहिला सूर साधारण ३४ हर्ट्झ, चार मीटरच्या खोलीचा ४३. झोपाळ्याला बरोबर वेळ साधून हलका धक्का देत राहिलं की तो उंच उंच जातो, तशीच खोलीही तिच्या सुराचा आवाज मिळाला की झुलायला लागते आणि सूर थांबला तरी लगेच थांबत नाही. सिनेमात ढोल एकदाच वाजतो, आपल्याला ‘ढुम्म्म’ असं लांबलेलं ऐकू येतं, ते यामुळे. याच लाटा खोलीत काही ठिकाणी एकमेकींना खोडून काढतात. तिथे बसलात तर बास जवळपास गायब. सबवूफर बंद आहे की काय, असं वाटून लोक दुरुस्तीला पाठवतात.

यावरचा उपाय दिसायला विचित्र आहे, पण तो खात्रीने चालतो. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागी, सोफ्यावरच ठेवा. बास भरपूर असलेलं एखादं गाणं लावा. मग भिंतीच्या कडेकडेने, कान सबवूफरच्या उंचीला येईल असं गुडघ्यांवर रांगत फिरा. एका जागी आवाज फुगलेला असेल, एका जागी पोकळ, आणि एखाद्या जागी प्रत्येक सूर सुटा, आखूड आणि घट्ट ऐकू येईल. सबवूफर त्या जागी ठेवा. बोलणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, यावर ही युक्ती उभी आहे. आमच्याकडे दिसायला सोयीचा कोपरा अगदी घुमणारा निघाला. चांगली जागा होती खिडकीखाली, कोपऱ्यापासून दीड मीटरवर.

एका मोठ्या सबवूफरपेक्षा दोन मध्यम आकाराचे, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्याशी ठेवलेले, मला केव्हाही जास्त पटतात. एकाने केलेला खड्डा दुसरा बऱ्यापैकी भरतो आणि सोफ्यावरच्या सगळ्यांना सारखा बास मिळतो.

## खोलीही वाजते, तिचं काय करायचं?

रिकामं घर बघायला गेल्यावर आपलंच बोलणं कसं घुमतं ते आठवा. सामान लागलं की तेच घर बोलण्यासारखं होतं. खोलीच्या मध्ये उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागे ‘टर्र’ असा धातूचा ओरखडा ऐकू आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज चेंडूसारखा एकमेकींकडे टोलवत आहेत. जाड पडदा, सोफ्यापुढे गालिचा आणि एका भिंतीला पुस्तकांनी भरलेलं कपाट, एवढ्यावर पुष्कळ काम होतं. व्यंजनं पुसट करणारा आवाजाचा शेपटा यांनीच कापला जातो.

नेमकी कोणती जागा झाकायची ते आरशाने कळतं. तुम्ही सोफ्यावर बसा, दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा हळूहळू सरकवायला सांगा. ज्या जागी तुम्हाला आरशात पुढचा स्पीकर दिसेल, तिथूनच त्याचा आवाज उसळून तुमच्याकडे येतो. पडदा किंवा आवाज शोषणारी जाड पाटी तिथे लावायची.

भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले फोटो फिरत असतात. त्यांचा उपयोग नाही. पुठ्ठा पातळ असतो, खालचा आवाज तो अडवत नाही आणि पेटही लवकर घेतो. आणखी एक गल्लत नेहमी होते: खोलीत आवाज न घुमणं वेगळं आणि खोलीतला आवाज बाहेर न जाणं वेगळं. पडदे आणि गालिचे पहिलं काम करतात. दुसऱ्यासाठी वजनदार भिंती आणि फटी नसलेलं दार लागतं. शेजाऱ्यांना बासचा त्रास होत असेल तर पडदे लावून तो थांबणार नाही. सबवूफरखाली मऊ गादी घाला, म्हणजे जमिनीतून जाणारा हादरा थोडा कमी होईल, आणि रात्री त्याचा आवाज सरळ कमी करा.

## हजार वॅटचा संच जास्त दणकट का?

खोक्यावर ‘पीएमपीओ’ असं लिहून पुढे हजारांचा आकडा असेल तर तो वाचूच नका. क्षणभरासाठी काल्पनिक परिस्थितीत निघू शकणाऱ्या ताकदीचा तो आकडा असतो आणि तो मोजायची एकमान्य पद्धतच नाही. ‘आरएमएस’, म्हणजे सतत टिकणारी ताकद, तेवढीच बघा.

वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. दुप्पट वॅटला आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल इतका. दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात. एका वॅटवर एक मीटरवरून ८७ डेसिबल देणारा स्पीकर अगदी साधारण समजला जातो. तीन मीटरवर बसलात तरी तोच एक वॅट तुम्हाला ७८ डेसिबलच्या आसपास आवाज देतो, आणि घरात तो चांगला मोठा असतो. म्हणजे नेहमीचा सिनेमा बहुतांश वेळ एक-दोन वॅटवर चालतो. मग शंभर वॅट कशाला? त्या एका स्फोटासाठी. संवादापेक्षा २० डेसिबल वर जायला शंभरपट ताकद लागते आणि ती क्षणभर मिळाली नाही तर आवाज फाटतो. शंभर खऱ्या वॅटपुढे जाऊन घरात फारसं काही हाती लागत नाही.

## साउंडबार घेतला तर नाही चालणार?

साउंडबार म्हणजे टीव्हीखाली ठेवायची, आत अनेक स्पीकर असलेली लांबट पट्टी. चालेल, आणि भाड्याच्या घरात किंवा भिंतीवर वायरी नको असतील तर तोच शहाणपणाचा निर्णय आहे. टीव्हीच्या स्पीकरपेक्षा तो नक्की बरा, कारण त्याचं तोंड तुमच्याकडे असतं. फक्त घेताना त्यात वेगळा मधला चॅनेल आहे का ते बघा, म्हणजे ३.१ किंवा पुढचं. दोन चॅनेलच्या बारमध्ये संवाद आणि संगीत पुन्हा एकाच नळातून येतात.

भिंतींवर आवाज आपटवून सराउंडचा भास देणारे बार खोली अनुकूल असेल तर कमाल करतात. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला उघडं दालन असेल तर तो भास लंगडा पडतो. बार टीव्हीच्या पायांमागे किंवा खणात कोंबू नका. माझ्या मधल्या स्पीकरचं झालं तेच त्याचंही होईल.

छतातून आवाज देणारी डॉल्बी अ‍ॅटमॉस ही पद्धत २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आली आणि २०१४ मध्ये घरांत. तिच्यात हेलिकॉप्टरचा आवाज एखाद्या ठराविक स्पीकरच्या नावाने नोंदवलेला नसतो. तो खोलीत कुठे असायला हवा तेवढं नोंदवलेलं असतं, आणि तुमच्याकडे असतील त्या स्पीकरांतून ती जागा कशी उभी करायची ते रिसीव्हर ठरवतो. ५.१.२ मधला शेवटचा दोन म्हणजे वरचे स्पीकर. मला ही पद्धत मनापासून आवडते. तरी खालचे पाच जागेवर बसेपर्यंत वरच्या दोनांचा विचार करू नये, हे माझं मत.

## वायरी

स्पीकरच्या वायरीला दोन तारा असतात आणि दोन्ही टोकांना लाल-काळ्या खुणा. लाल ते लाल, काळी ते काळी. एका स्पीकरची अदलाबदल झाली तर एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, दोघांचा बास एकमेकांना खाऊन टाकतो आणि आवाज कुठून येतोय तेच समजेनासं होतं. बास अचानक पातळ वाटला तर पहिल्यांदा हे तपासा. घरातल्या अंतरांना दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर पुरते.

टीव्हीतलाच अ‍ॅप वापरून सिनेमा बघत असाल तर आवाज टीव्हीतून रिसीव्हरकडे परत जायला हवा. त्यासाठी एचडीएमआयच्या एका विशिष्ट खाचेवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ असं लिहिलेलं असतं. केबल त्याच खाचेत लावायची. शेजारच्या खाचेत लावली की चित्र दिसतं, आवाज येत नाही, आणि लोक संच बिघडला म्हणून हवालदिल होतात. महागड्या एचडीएमआय केबलने चित्र सुधारत नाही. अंकांच्या रूपातला संदेश एक तर पोहोचतो, नाही तर चित्र तुटतं.

## चित्राचं काय?

चित्राबद्दल थोडक्यात. टीव्हीच्या तिरक्या मापाच्या १.२ ते १.६ पट अंतरावर बसा. ६५ इंची टीव्हीचं तिरकं माप १६५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन ते २.६ मीटर. पडद्याचा मध्य डोळ्यांच्या उंचीच्या आसपास हवा. मान वर करून दोन तास बसवत नाही. सेटिंगमध्ये ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड निवडा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चित्रित होतो, ती सोय मधली चित्रं स्वतः बनवून घालते. प्रोजेक्टर घ्यायचा असेल तर आधी खोलीत अंधार करता येतो का ते बघा, कारण पडद्यावरचा काळा रंग खोलीतल्या अंधाराइतकाच काळा होऊ शकतो.

## शेवटची जुळणी

बहुतेक रिसीव्हरबरोबर एक छोटा मायक्रोफोन येतो. पुष्कळ घरांत तो खोक्यातच पडून राहतो. पंखा बंद करा, खिडक्या लावा, मायक्रोफोन तिपाईवर कानाच्या उंचीवर बसवा. हातात धरू नका, सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका. रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून सूं-सूं आवाज काढतो आणि अंतर, पातळी, खोलीचे सूर मोजतो. सोफ्यावरच्या तीन-चार जागी मोजणी करा. सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवलं तर घाबरू नका, त्याच्या आतल्या यंत्रणेला लागणारा वेळही त्यात धरलेला असतो.

मोजणी झाल्यावर एकदा स्पीकरांचा आकार तपासा. रिसीव्हरने ‘लार्ज’ ठरवले असतील तर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा. क्रॉसओव्हर म्हणजे हद्दीची रेघ: तिच्याखालचा आवाज सबवूफर सांभाळणार, वरचा बाकीचे. छोट्या स्पीकरांवरचं ओझं उतरलं की संवादही मोकळे होतात.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर ‘लिप सिंक’ची सेटिंग शोधा. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद जरी आधी आला तरी खटकू शकतो. उशिरा आलेला मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत आपण खपवून घेतो. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, त्यामुळे उशिराची कानाला सवय आहे.

रात्री बघताना ‘नाइट मोड’ लावा. तो स्फोट खाली आणतो, कुजबुज वर उचलतो. सिनेमाची भव्यता त्यात थोडी जाते, पण घर झोपलेलं असताना तेच योग्य.

एवढं झालं की दोन माणसं हळू बोलत असलेला, शक्यतो पाठीमागे पाऊस किंवा संगीत असलेला एखादा प्रसंग लावा. तुम्ही मध्यावर बसू नका. ज्यांना सगळ्यात कमी ऐकू येतं त्यांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवा, मग ती सोफ्याची कड का असेना. प्रसंग संपल्यावर काय बोलणं झालं ते त्यांना विचारा. अडखळले तर सगळा आवाज वाढवू नका. रिसीव्हरमध्ये फक्त मधल्या चॅनेलची पातळी दोन डेसिबलने वर करा आणि तोच प्रसंग पुन्हा लावा. तरीही शब्द गाळले जात असतील तर उठून मधला स्पीकर बघा: त्याच्यापुढे फळी आली आहे का, आणि त्याचं तोंड त्यांच्या कानाकडे आहे का.